तांब्याचे बंदर आणि सूक्ष्मलहरींची पेटी

अलेक्झांड्रियाचा जो व्यापारी पुढे मठवासी झाला आणि विश्व हे झाकण लावलेल्या पेटीसारखे आहे असे सिद्ध करण्यात ज्याने आपली बुद्धी वेचली, त्या कॉस्मास इंडिकोप्लेउस्तेसचा भूगोल आज कोणी मानीत नाही; परंतु सहाव्या शतकातील हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्याविषयी त्याने जी त्रोटक माहिती लिहून ठेवली, ती व्यापाऱ्याच्या नजरेने टिपलेली असल्यामुळे इतिहासकारांनी ती जपली आहे. ‘कल्लियाना’ नावाच्या बंदरातून तांबे (काही विद्वानांच्या मते पितळ), शिसवी लाकूड आणि कापड परदेशी जाते, असे तो सांगतो. हे कल्लियाना म्हणजे उल्हास नदीच्या खाडीवरील आपले कल्याण. त्याच्याही आधी, पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपुस्तकात या बंदराची आणखी एक नोंद आहे. एके काळी येथे रीतसर व्यापार चाले, पण पुढे राजकीय वितुष्ट येऊन बंदर अडविले गेले आणि चुकून येथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली, असे त्या अनामिक लेखकाचे म्हणणे आहे. कान्हेरीच्या लेण्यांतील दानलेखांत कल्याणच्या दात्यांची नावे कोरलेली आहेत, ती याच भरभराटीच्या काळाची साक्ष होय.

ज्या गावाची जगाला झालेली जुनी ओळख धातूच्या व्यापाराशी निगडित आहे, त्याच गावाच्या स्वयंपाकघरांत गेल्या पंचवीस-तीस वर्षांत एक अशी पेटी येऊन बसली आहे की जिच्यात तांब्याला, पितळेला, पोलादाला आणि ॲल्युमिनियमला सरसकट मज्जाव असून, आमच्या पणज्यांनी सोवळ्यातून हद्दपार केलेल्या काचेला आणि चिनी मातीला मात्र मानाचे पान आहे. विस्तव पालटला की भांड्यांची प्रतवारी पालटते, हा स्वयंपाकघराच्या इतिहासातला एक अलिखित कायदा आहे; आणि तो कायदा येथे कसकसा अमलात आला हे पाहण्यास कल्याणसारखे दुसरे ठिकाण नाही, असे आम्हांस वाटते.

शिवाजी महाराजांनी १६५७ साली कल्याण-भिवंडी घेतली, दुर्गाडीखाली मराठी आरमाराची मुहूर्तमेढ रोवली गेली, आणि पेशवाईत येथे सरसुभ्याचे ठाणे होऊन सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांच्या वाड्याने गावाला एक कायमची खूण दिली, ही हकीकत सर्वश्रुत आहे. परंतु सुभ्याच्या दफ्तरात जकात आणि जमाबंदी यांचे जे हिशेब लिहिले जात होते, त्यांच्या जोडीला घरोघरी आणखी एक हिशेब मनात धरलेला असे, आणि तो भांड्यांचा. तांब्या-पितळेची भांडी ही त्या काळची संसारी ठेव होती. हंडा, कळशी, घागर, परात, तपेले, घंगाळ, बंब ही सारी वजनावर घेतली जात, लेकीच्या लग्नात वजनावर दिली जात आणि अडचणीच्या दिवसांत वजनावरच गहाण पडत. वाटण्यांच्या यादीत शेतीवाडीच्या खालोखाल भांड्यांची नोंद येई. मातीचे मडके स्वस्त खरे, परंतु एकदा विटाळले की ते टाकूनच द्यावे लागे. धातूचे भांडे मात्र राखेने व चिंचेने घासले, विस्तवावर धरले की पुनश्च शुद्ध होत असे. धर्मशास्त्राने धातूला दिलेली ही सवलत आणि धातूची उष्णता वाहून नेण्याची शक्ती, या दोन कारणांनी तांबे आणि पितळ यांनी मराठी स्वयंपाकघरावर कित्येक शतके निर्वेध अंमल गाजविला.

या अंमलात एक खोट होती. तांब्याचे आंबटाशी वैर आहे. ताक, चिंच, आमसूल, लिंबू यांतील आम्ल तांब्यावर चढले की त्याचे क्षार अन्नात उतरतात, ताक हिरवट होते, चव बिघडते, आणि अशा कळकलेल्या अन्नाने माणसास मळमळ, ओकारी आणि पोटदुखी होते. ज्या कोकणात आमटीपासून सारापर्यंत बहुतेक पदार्थांत काही ना काही आंबट पडते, त्या कोकणात तांब्याचे भांडे चुलीवर ठेवणे ही वास्तविक धोक्याची गोष्ट; आणि तो धोका टाळण्यासाठी जो मनुष्य वर्षातून दोन-तीनदा दारी येई, तो कल्हईवाला.

कल्हईवाल्याची आरोळी आळीच्या तोंडाशी ऐकू आली की घराघरांतून भांड्यांचा ढीग ओसरीवर येऊन पडत असे. एखाद्या झाडाखाली अगर देवळाच्या भिंतीलगत जमिनीत खळगा करून त्यात तो कोळसा पेटवी, भात्याचे तोंड मातीच्या नळीने त्या खळग्याला जोडी, आणि त्याचा पोरगा भाता हालवू लागला की निखारे पांढुरके होत. भांडे सांडशीत धरून चांगले तापवायचे, तापल्यावर त्यात चिमूटभर नवसागर टाकायचा, नवसागराचा पांढरा, नाकाला झोंबणारा धूर उठतो न उठतो तोच कथलाची कांडी आतून टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने ते वितळलेले कथील झपाट्याने सर्वत्र फिरवायचे. क्षणापूर्वी काळवंडलेले भांडे डोळ्यांदेखत चांदीसारखे उजळे, आणि मग चर्रकन आवाज करीत पाण्याच्या घंगाळात बुडे. यातील नवसागराचे काम विशेष महत्त्वाचे. तापलेल्या तांब्यावर हवेमुळे जो गंज चढतो तो नवसागराने निघून जातो, आणि स्वच्छ धातूवरच कथील धरते. नवसागर विसरला तर कथलाचे थेंब भांड्यात नुसते घरंगळत राहतात. हे कथील मलायाकडून मुंबई बंदरात उतरे आणि तेथून गावोगावच्या पेठांत जाई. गावोगाव हिंडणाऱ्या एका निर्धन कारागिराच्या झोळीत समुद्रापलीकडचा धातू असे, हा विचार त्या काळी किती जणांनी केला असेल कोण जाणे.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. या धंद्यात मुसलमान कल्हईगर मोठ्या संख्येने होते. ज्या स्वयंपाकघरात परक्या जातीच्या माणसाची सावली चालत नसे, त्या स्वयंपाकघराची सारी निरामयता या माणसाच्या बोळ्यावर अवलंबून होती. भांडे परत आल्यावर घासून, धुऊन, प्रसंगी गोमूत्र शिंपडून घरात घेतले जाई, पण आतला जो पांढरा मुलामा अन्नाला प्रत्यक्ष लागत असे तो त्याच्याच हातचा राही. समाजाने याचा कधी फारसा ऊहापोह केला नाही. सोयीच्या ठिकाणी शास्त्रार्थ काढू नये, हे शहाणपण आमच्या पूर्वजांपाशी भरपूर होते.

कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, तर तांबे वितळायला १०८५ अंश लागतात. म्हणूनच कल्हईचे भांडे रिकामे विस्तवावर ठेवू नये, त्यात आधी पाणी घालावे, आणि फोडणी करायची ती लोखंडी पळीत अगर कढईत करून वरून ओतावी, असे दंडक घरोघरी होते. सुनेला ते सांगितले जात, त्यांची कारणे मात्र सांगितली जात नसत. हलक्या कल्हईचाही उपद्रव होता. कथील महाग, शिसे स्वस्त, आणि दोन्ही मिसळली तरी मुलामा पांढराच दिसतो. शिसे अन्नातून पोटात गेले की त्याचे विष हळूहळू अंगात साचते. तेव्हा कोणत्या कल्हईवाल्याला भांडी द्यावीत याविषयी घरच्या वडीलधाऱ्या बायका फार चोखंदळ असत, आणि मुलामा कसा चढतो ते ओसरीवर उभ्या राहून स्वतः पाहत असत.

लोहमार्ग १८५३ साली ठाण्यापर्यंत आणि १ मे १८५४ रोजी कल्याणपर्यंत आला. त्याबरोबर विलायती माल आला, चिनी मातीच्या कपबशा आल्या, आणि भांड्यांच्या प्रतवारीत पहिली खळबळ उडाली. चिनी मातीचे भांडे म्हणजे शेवटी मातीचे भांडे, आणि तेही परक्याच्या भट्टीतले. ते शुद्ध कसे मानावे हा प्रश्न क्षुल्लक नव्हता. पुण्यास १८९० साली पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे प्रभृती मंडळी एका समारंभास गेली, तेथे चहा पुढे आला, आणि त्या चहावरून जे ग्रामण्य माजले त्याने मोठमोठ्या विद्वानांना प्रायश्चित्ताच्या वादात ओढले. वाद कपापेक्षा चहा कोणाच्या हातचा होता याविषयी अधिक होता हे खरे. पण कपबशी कित्येक घरांत पुढेही बरीच वर्षे माजघराच्या उंबऱ्याबाहेरच राहिली. चिनी मातीला आत प्रवेश मिळाला तो लोणच्याच्या बरणीच्या रूपाने, कारण मीठ आणि आम्ल यांच्यापुढे टिकणारे दुसरे भांडे घरात नव्हते.

पुढचा इतिहास भराभर घडला. चुलीशेजारी रॉकेलचा स्टोव्ह आला. १९५५ साली बर्मा शेल कंपनीने मुंबईत स्वयंपाकाचा गॅस आणला आणि तो यथावकाश लोहमार्गाने पसरलेल्या वस्तीमागून कल्याण-डोंबिवलीस पोचला. १९५९ साली मुंबईत स्थापन झालेल्या हॉकिन्स कंपनीचा कारखाना ठाण्यास उभा राहिला, आणि ॲल्युमिनियमच्या बंद भांड्यात वाफ कोंडून सुमारे १२० अंशांवर डाळ शिजविण्याची युक्ती मध्यमवर्गाने डोळे मिटून स्वीकारली. त्याच सुमारास स्टेनलेस स्टीलने जे आक्रमण केले ते तर अभूतपूर्व होते. घासायला सोपे, आंबटाला न डरणारे, कल्हईची गरज नसलेले हे पोलाद पाहून बायकांनी पिढीजात हंडे, घागरी आणि पराती मोडीत घातल्या व त्यांच्या बदल्यात स्टीलचे डबे घेतले. शतकानुशतकांची ठेव दहा-पंधरा वर्षांत वितळून गेली. कल्हईवाल्याची आरोळी विरळ होत गेली. त्याचा पोरगा कारखान्यात लागला. त्या सौद्यात वजनाने काय गेले आणि काय आले याचा हिशेब तेव्हा कोणी केला नाही, आणि आता तो करून उपयोग नाही.

येथे भांड्यांची गोष्ट क्षणभर बाजूला ठेवून विद्युल्लहरींकडे वळले पाहिजे. विजेशी कल्याणचा संबंध जुना आहे. पुणे आणि इगतपुरीकडे जाणाऱ्या गाड्यांना वीज पुरविण्यासाठी जी. आय. पी. रेल्वेने ठाकुर्लीस चोळा येथे १९२९ साली वीजघर उभारले, त्याची धुराडी दोन पिढ्यांनी पाहिली. परंतु ज्या लहरींचा प्रस्तुत विषयाशी संबंध, त्यांच्या अभ्यासात कल्याणचे नाव लिहिले गेले ते १९६५ साली. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ पॉट्स हिल येथे सूर्याच्या रेडिओ-निरीक्षणासाठी सुमारे ६ फूट व्यासाच्या ३२ थाळ्यांची एक रांग होती. तेथे शिकावयास गेलेले तरुण शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या खटपटीने, आणि तेथील सरकारी विज्ञान संस्था सी. एस. आय. आर. ओ. हिच्या औदार्याने, निकामी ठरणाऱ्या त्या थाळ्या हिंदुस्थानास देणगी म्हणून मिळाल्या. काही वर्षे त्या दिल्लीस पडून होत्या. स्वरूप १९६३ मध्ये होमी भाभांच्या निमंत्रणावरून टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले, आणि त्यांनी व त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी त्या थाळ्या कल्याणजवळ आणून २४ पूर्व-पश्चिम आणि ८ दक्षिणोत्तर अशा मांडल्या. पूर्व-पश्चिम रांगेची लांबी ६३० मीटर होती. ६१० मेगाहर्ट्झवर, म्हणजे सुमारे अर्ध्या मीटर लांबीच्या लहरींवर, ही दुर्बीण सूर्याचे निरीक्षण करी. शांत सूर्याच्या प्रभामंडळाचे तपमान दहा लाख अंशांच्या घरात असल्याचे तिच्या निरीक्षणांतून दिसून आले. १९६८ पर्यंत हे काम चालले. आपल्या देशातील रेडिओ-खगोलशास्त्राचा आरंभ येथून झाला. उटीची दुर्बीण आणि पुढे नारायणगावजवळ खोडदची ‘जीएमआरटी’ ही या कल्याणच्या रांगेची संतती होय. आज तेथे घरांची जी दाटी झाली आहे, आणि प्रत्येक घरातून जितक्या लहरी बाहेर पडतात, त्या पाहता कल्याणात रेडिओ-दुर्बीण बसविण्याचे कोणी स्वप्नातही मनात आणणार नाही.

ज्या लहरींनी सूर्य न्याहाळला, त्यांच्याच आप्तांनी पुढे आमटी गरम करावयास घेतली. या घराण्याचा स्वयंपाकातील प्रवेश युद्धाने झाला. फेब्रुवारी १९४० मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी तांब्याच्या भरीव ठोकळ्यात पोकळ्या कोरून, त्यांतून चुंबकाच्या साहाय्याने इलेक्ट्रॉन फिरवून, दहा सेंटिमीटरच्या आसपास लांबीच्या प्रबळ लहरी निर्माण केल्या. या यंत्राला मॅग्नेट्रॉन म्हणतात. शत्रूची विमाने शोधणाऱ्या रडारसाठी ते अमेरिकेस नेले गेले, आणि तेथे रेथिऑन कंपनीतील पर्सी स्पेन्सर नावाच्या, फारसे शालेय शिक्षण नसलेल्या पण विलक्षण चौकस अभियंत्याच्या खिशातील खाऊ मॅग्नेट्रॉनजवळ उभे असताना वितळला. असे इतरांच्याही बाबतीत घडले असेल; पण स्पेन्सरने मक्याचे दाणे आणून लाह्या फोडून पाहिल्या आणि ऑक्टोबर १९४५ मध्ये पेटंटासाठी अर्ज केला. १९४७ च्या सुमारास बाजारात आलेली पहिली ‘रडारेंज’ भट्टी माणसाएवढी उंच, ३०० किलोंहून अधिक वजनाची आणि पाण्याने थंड ठेवावी लागणारी होती. टेबलावर मावेल अशी पेटी घरात यायला १९६७ उजाडले. आपल्याकडे ती सर्रास दिसू लागली ती १९९१ नंतरच्या खुल्या बाजारात. येथे एक गंमत लक्षात घेण्यासारखी आहे: जी पेटी तांब्याच्या भांड्याला आत येऊ देत नाही, तिच्या मर्मस्थानी असलेल्या मॅग्नेट्रॉनचे अंग मात्र तांब्याचेच असते.

या पेटीत विस्तव नाही; हवाही तापत नाही. घरगुती भट्टीतील लहरींची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर आणि आवर्तने सेकंदास २४५ कोटी. पाण्याच्या रेणूचे एक टोक किंचित धन तर दुसरे किंचित ऋण असल्यामुळे तो विद्युत्क्षेत्राच्या दिशेला वळू पाहतो, आणि वळतो न वळतो तोच क्षेत्राची दिशा पालटते. गाडी ३ नंबरऐवजी ५ नंबरवर येत असल्याची घोषणा होताच कल्याणच्या फलाटावरील गर्दीत जी उलटसुलट रेटारेटी होते, तशी ती रेणूंमध्ये माजते, आणि त्या घर्षणातून उष्णता उत्पन्न होते. पाण्याच्या एखाद्या खास कंपनाशी या लहरी जुळलेल्या असतात असे पुष्कळदा सांगितले जाते. ते खरे नाही. बर्फातील रेणू जागी जखडलेले असल्यामुळे बर्फ या लहरी जवळजवळ शोषीतच नाही. म्हणून गोठलेला पदार्थ वितळविताना पेटी थांबत थांबत चालवावी लागते, नाहीपेक्षा जेथे आधी पाणी झाले तेथेच सारी उष्णता गोळा होऊन कडा शिजतात आणि गाभा दगडासारखा राहतो. तेल पाण्याहून कमी शोषते, मिठाचे पाणी अधिक. अन्न आतून बाहेर शिजते ही समजूतही चुकीची. लहरी बहुधा दोन-तीन सेंटिमीटर आत शिरतात, पुढचे काम नेहमीच्या उष्णतावहनाचेच असते. पण पुरणपोळीसारख्या पदार्थात पातळ पापुद्र्याआड ओले, गोड पुरण असल्यामुळे वरून कोमट लागणारी पोळी आत जीभ भाजते, आणि हा अनुभव घेतलेल्या माणसास शास्त्र पटविणे अवघड जाते. पेटीच्या भिंतींवरून परतलेल्या लहरी एकमेकींत मिसळून कोठे उठाव तर कोठे शून्य अशी स्थिर नक्षी तयार करतात. दोन उठावांत सुमारे सहा सेंटिमीटरांचे अंतर पडते, आणि ही विषमता मोडण्यासाठीच आतील काचेची थाळी फिरत असते.

आता भांड्यांच्या नव्या प्रतवारीचे कारण ध्यानात येईल. चुलीवर भांड्याने उष्णता घेऊन अन्नाला द्यायची असते, म्हणून उत्तम वाहक तो श्रेष्ठ. या पेटीत भांड्याने काहीच घ्यावयाचे नाही, लहरींना वाट द्यायची; म्हणून वीज न वाहणारी, ओलावा न धरणारी काच आणि चिनी माती श्रेष्ठ. धातूवरून लहरी परावर्तित होतात, त्यामुळे धातूच्या पातेल्यातील अन्नाला त्या फक्त उघड्या तोंडातून मिळतात. धातूची टोके, कडा, काटेचमच्याचे दाते, चुरगळलेली ॲल्युमिनियमची पातळ चंदेरी, इतकेच काय पण बशीच्या काठावरील सोनेरी रेघ, यांच्यापाशी विद्युत्क्षेत्र एकवटून ठिणग्या उडतात. गुळगुळीत, जाड स्टीलच्या वाटीने स्फोट होतो असे मात्र नव्हे. ती भिंतीला लागली तर ठिणगी पडते आणि पदार्थ धड तापत नाही, एवढाच खरा दोष, आणि काही उत्पादक तिला परवानगीही देतात. तरी आपापल्या पेटीच्या पुस्तिकेबाहेर जाण्यात अर्थ नाही.

काचेतही भेद आहेत. साधी काच एका बाजूने तापली की तडकते. बोरॉन मिसळलेली काच फारच कमी प्रसरण पावत असल्यामुळे टिकते. जर्मनीत ऑटो शॉटने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती प्रयोगशाळेसाठी बनविली. अमेरिकेत कॉर्निंग कंपनीतील एका शास्त्रज्ञाची पत्नी बेसी लिटलटन हिने १९१३ साली बॅटरीच्या कापलेल्या काचपात्रात केक भाजून दाखविला, आणि त्यातून स्वयंपाकाची काच जन्मली. कॉर्निंगच्याच सहकार्याने मुंबईत १९६२ साली बोरोसिल उभी राहिली. मातीच्या भांड्यांविषयी सावधगिरी हवी: झिलई नसलेले मडके पाणी पिऊन बसलेले असते, ते पाणी तापून मडके चटका देते, क्वचित फुटते. दिसायला चिनी मातीसारख्या पण वस्तुतः मेलामाइनच्या ज्या हलक्या थाळ्या घरोघर आहेत, त्या पेटीत कधीही ठेवू नयेत. त्या स्वतः तापतात आणि त्यांतील रसायन अन्नात उतरू शकते. प्लास्टिकमध्ये पॉलिप्रॉपिलीन, ज्याच्या बुडाशी त्रिकोणात ५ हा आकडा असतो, ते त्यातल्या त्यात बरे. ३ आणि ६ आकड्यांची नकोत. ‘मायक्रोवेव्ह सेफ’ हा छापही बहुतांशी भांडे वितळणार नाही, तडकणार नाही एवढेच सांगतो. तेलकट व गोड पदार्थ पाण्याच्या उकळबिंदूच्या वर तापतात, तेव्हा ते प्लास्टिकमध्ये न तापविणे हेच आमच्या मते श्रेयस्कर. घट्ट झाकणाचा डबा आणि सालीसकट अंडे, ही दोन्ही आतील वाफेने फुटतात. भांड्याविषयी शंका असेल तर ते रिकामे आत ठेवावे, शेजारी काचेच्या पेल्यात पाणी ठेवून एक मिनिट पेटी चालवावी. पाणी गरम आणि भांडे गार, तर भांडे उत्तम. भांडे गरम आणि पाणी कोमट, तर ते भांडे दुसऱ्या कामाला लावावे. तो पाण्याचा पेला आवश्यकच आहे, कारण शोषणारे काही आत नसेल तर लहरी फिरून मॅग्नेट्रॉनवरच येतात आणि त्याचे आयुष्य घटवितात. कल्हईचे भांडे रिकामे तापवू नये हा दंडक, अगदी निराळ्या कारणाने, असा पुन्हा लागू झाला.

मात्र जुन्या व्यवस्थेतील एक गोष्ट परत आली नाही. कल्हई खरी की शिशाची, हे ओसरीवर उभ्या असलेल्या बाईला काही अंशी तरी पाहून कळत असे. वाडग्याच्या बुडावरील छाप खरा की खोटा हे तिच्या पणतीला कळण्याचा मार्ग नाही. भट्टीच्या बाबतीत निदान मानक आहे: दारापासून पाच सेंटिमीटरवर गळती दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॅटहून अधिक असता कामा नये, आणि चांगल्या पेटीत ती याहून पुष्कळच कमी असते. या लहरी अन्नात साठून राहत नाहीत. यंत्र बंद होताच संपतात. दाराच्या काचेआड जी छिद्रांची धातूची जाळी दिसते, तिची छिद्रे लहरींच्या मानाने इतकी बारीक असतात की प्रकाश बाहेर येतो आणि लहर आत राहते. खोडदच्या ४५ मीटर व्यासाच्या थाळ्यांचा पृष्ठभाग याच न्यायाने, १० ते २० मिलिमीटर चौकटींच्या पोलादी तारांच्या जाळीचा विणला आहे. वारा आरपार जातो, आकाशातून आलेल्या लहरी परततात. अर्थात दार पुरते थांबण्याआधी उघडले तर काय होते याचाही एक दाखला आहे. ज्या संस्थेने कल्याणला थाळ्या दिल्या, तिच्याच पार्क्स येथील मोठ्या दुर्बिणीला १९९८ पासून काही गूढ संकेत मिळत. २०१५ साली उलगडा झाला की वेधशाळेतील कोणी तरी उतावळेपणाने मायक्रोवेव्हचे दार मध्येच उघडी, तेव्हा मॅग्नेट्रॉन विझता विझता ते संकेत सुटत.

एवढे होऊनही कल्याण-डोंबिवलीत या पेटीत भात-आमटी शिजते असे नाही. कंपन्यांनी दिलेली पाककृतींची पुस्तके बहुधा कोरीच राहतात. तरी ती येथे रुजली, आणि त्याचे कारण स्वयंपाकात नसून लोकलच्या वेळापत्रकात आहे. जुन्या चुलीला मुख्य जाळाशेजारी वैल असे; त्यावर शिजलेली आमटी, दूध, उशिरा येणाऱ्याचा भात मंद उबेवर राही. गॅसच्या शेगडीने चूल घालविली तशी वैलही घालविली, आणि नेमक्या त्याच दशकांत घरातील माणसे मुंबईच्या नोकऱ्यांसाठी एकेका गाडीने निघू व एकेका गाडीने परतू लागली. एक आठाला, दुसरी साडेनवाला, तिसरा कसाऱ्याच्या शेवटच्या गाडीच्या आगेमागे. पंगत मोडली. चाळीस वर्षे घरची बाई प्रत्येकासाठी पुन्हा पुन्हा टोप शेगडीवर चढवीत राहिली, तळाला लागलेली भाजी खरवडीत राहिली. ही पेटी चुलीची वारस म्हणून आलीच नाही; ती आली वैलीची वारस म्हणून, आणि म्हणूनच शिळ्यापाक्याविषयी काटेकोर असलेल्या घरांनीही तिला फारशी हरकत घेतली नाही.

तिच्या मार्गात उभा आहे तो एक स्टीलचा डबा. तो तांब्याच्या मोडीतून आलेला, लोकलच्या रेटारेटीत न चेपणारा, सांडणार नाही असा घट्ट झाकणाचा, आणि म्हणूनच या पेटीला दोन्ही कारणांनी वर्ज्य. कचेऱ्यांतून त्याच्याऐवजी काचेचे व प्लास्टिकचे डबे दिसू लागले आहेत. काचेचा डबा जड, पाठीवरच्या पिशवीत घेऊन उभ्याने प्रवास करणाऱ्याला तो नको होतो. घरी मात्र तडजोड ठरून गेली आहे: परत आलेल्या डब्यातली उरलेली भाजी काचेच्या वाडग्यात काढून, वर पाण्याचा हबका मारून पेटीत जाते, आणि पोळ्या चिवट होतात म्हणून त्या गॅसवर, लोखंडी तव्यावरच गरम केल्या जातात.